लेडी वाइल्ड ह्यांचा ग्रंथ आणि पोरांच्या वह्या

ऑस्कर वाइल्डची नाटके आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी महाविद्यालयात वाचली. त्याच्या मातोश्रींचे नाव मात्र क्वचितच कानी पडले असेल. लेडी जेन वाइल्ड ह्यांनी १८९० मध्ये आयर्लंडमधील जुने उपचार, मंत्रतंत्र व रूढी ह्यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पती सर विल्यम हे डब्लिनमधील नामांकित नेत्र व कर्ण शल्यविशारद. खेडुतांच्या समजुती त्यांनी हौसेने जमविल्या होत्या. १८७६ मध्ये ते निवर्तल्यावर बाईंनी ती सामग्री सजवून वाचकांपुढे ठेवली.

'सजवून' हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजिला आहे. भाषा डौलदार खरी. परंतु अमुक उपचार कोणत्या गावचा, सांगितला कोणी, हे बहुतेक ठिकाणी कळत नाही. आमची उभी हयात सरकारी दप्तरात गेली. ज्या नोंदीखाली गाव व नाव नाही, ती आमच्या हातून पुढे सरकत नसे. हा सवयीचा दोष म्हणावा हवे तर!

ती उणीव भरून निघते शाळकरी पोरांच्या वह्यांत. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या आयरिश लोकविद्या आयोगाने १९३७ ते १९३९ ह्या काळात सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गांच्या मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांकडून माहिती लिहून आणावयास लावले. आता त्या वह्या संगणकावर वाचता येतात. खाजऱ्या नेटलचा दंश झाला तर शेजारीच उगवणाऱ्या डॉकचे पान चोळावे. चामखिळीवर गोगलगाय घासून ती काट्यावर टोचावी. गोगलगाय सुकेल तशी चामखीळ झडेल. रांजणवाडीला सोन्याची अंगठी लावावी, नाही तर गूजबेरीचे काटे तिच्या रोखाने धरावेत. खोकल्याला समुद्रशेवाळ दुधात उकळून द्यावे. आणि पुष्कळ ठिकाणी एक कडक नियम: उपचार करणाऱ्याला पैसा देऊ नये, आभारही मानू नयेत, मानले की गुण गेला. ह्या एका नियमात त्या समाजाविषयी जे कळते, ते बाईंच्या अलंकारिक पानांत आम्हांस सापडले नाही.

वह्याही निर्दोष नाहीत. निवडक मजकूर शाळेच्या मुख्य वहीत उतरवून घेतला जाई, तेव्हा गुरुजींची लेखणी मध्ये आलीच असणार. शिवाय डांग्या खोकल्याच्या पोराला गाढवाच्या पोटाखालून तीनदा काढण्याचा उपाय वाचताना हसू येत नाही. त्या रोगाने मुले दगावत असत. परंतु बहुतेक पानांवर पोराचे नाव आहे, गाव आहे, आणि सांगणाऱ्या आजोबा-आजींचेही नाव पुष्कळदा आहे.

आमच्या आजीजवळ मोडीत लिहिलेली औषधांची एक वही होती. वाडा विकला तेव्हा ती रद्दीत गेली. तीतले एक पान कोणी तरी आम्हां पोरांकडून बाळबोधीत उतरवून घेतले असते तर!