१३.६ टक्के कोणाचे? पुण्याचा एक शोधनिबंध आणि ठाण्याची नोंदवही

१९९७ साली ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात पुण्यातल्या कामावरचा एक छोटा शोधनिबंध आला. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा. शीर्षक मराठीत सांगायचं तर ‘भारतातील विवाहित, एकनिष्ठ स्त्रियांमध्ये एचआयव्हीचा प्रसार’. लैंगिक संसर्गाच्या साथीवर काम करू पाहणाऱ्याने तो वाचावाच, आणि वाचताना त्याच्याशी थोडं भांडावं.

काम असं होतं. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रिया अभ्यासात घेतल्या. त्यातल्या ५२५ देहविक्रय करणाऱ्या, ३९१ न करणाऱ्या. पहिल्या गटात ४९.९ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या, दुसऱ्या गटात १३.६ टक्के. साथीचा माग काढायचा म्हणजे वेश्यावस्ती आणि ट्रकचालक बघायचे, अशी तेव्हाची चाल होती. नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध नाही असं सांगणारी बाई त्या नकाशावरच नव्हती. तिला नकाशावर आणलं, हे या निबंधाचं मोठं काम. ते आजही मोठंच आहे.

पण शीर्षक बघा. ‘भारतातील’? दवाखाने पुण्याचे. ‘एकनिष्ठ’? हे त्या स्त्रियांनी मुलाखतीत सांगितलेलं. सासू बाहेर बाकावर बसलेली असताना दुसरं काही कोण सांगेल? (मी त्यांच्यावर शंका घेत नाहीये, मोजमापाबद्दल बोलतोय.) ‘प्रसार’ हा शब्द तर एकदाच केलेल्या तपासणीवरून आलाय. कुणाकडून कुणाला, कधी, हे अशा तपासणीत दिसत नाही. नवऱ्याकडून आला हा निष्कर्ष पटण्यासारखा आहे, पण तो काढलेला निष्कर्ष आहे, मोजलेला नाही.

खरी गोम छेदात आहे. ३९१ स्त्रिया म्हणजे पुण्यातल्या विवाहित स्त्रिया नव्हेत. स्वतःला काही त्रास किंवा शंका आहे म्हणून गुप्तरोग दवाखान्याची पायरी चढलेल्या त्या स्त्रिया. १३.६ टक्क्यांना ‘लग्न झालेल्या बायकांतलं प्रमाण’ म्हणणं म्हणजे पावसात भिजून आलेल्यांना मोजून शहरातल्या छत्र्यांचा हिशोब मांडणं.

छेद चुकला की काय होतं ते पुढे अख्ख्या देशाने पाहिलं. सरकारी पाहणीत प्रसूतिपूर्व तपासणीला येणाऱ्या गरोदर स्त्रियांचे, प्रत्येक केंद्रावर साधारण ४०० नमुने घेत आणि त्यावरून देशाचा अंदाज बांधत. त्या हिशोबाने २००५ मध्ये एचआयव्हीबाधित सुमारे ५२ लाख होते. मग राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या तिसऱ्या फेरीत (२००५-०६) घरोघरी एक लाखाहून जास्त लोकांचं रक्त तपासलं गेलं आणि २००७ मध्ये अंदाज सुमारे २५ लाखांवर आला. साथ रातोरात ओसरली नव्हती, मोजण्याची जागा बदलली होती. अर्थात घरोघरची पाहणीही निर्दोष नाही. महाराष्ट्राचा तिचा आकडा ०.६२ टक्के, पण जो घरी राहतच नाही तो तिच्यात कसा सापडणार? भिवंडीच्या यंत्रमागावर पाळीने झोपणारा कामगार डोळ्यांपुढे आणा.

आता आपल्या भागाकडे. ठाणे किंवा कल्याण-डोंबिवलीतल्या नोंदवह्यांवर प्रबंध करू का, असं दोघा-तिघांनी विचारलंय. जरूर करा, पण नोंदवहीत काय असतं ते आधी बघा. सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लक्षणांवरून उपचार होतात, औषधांचे संच रंगांनी ओळखतात. जननेंद्रियावर व्रण असेल तर पांढरा, स्त्रियांच्या योनीस्रावाला हिरवा. हिरव्या संचाचे आकडे वाढले की ‘साथ’ म्हणून ओरडू नका. त्यातला बराचसा भाग बुरशीचा किंवा योनीतल्या जिवाणूंचा तोल बिघडल्याचा असतो; तो लैंगिक संसर्गच नव्हे. उलट गनोरिया किंवा क्लॅमिडिया झालेल्या अनेक स्त्रियांना काहीच लक्षण नसतं, त्या नोंदवहीत येतच नाहीत. म्हणजे जी आजारी नाही तिच्यावर शिक्का, आणि जी आहे ती सुटली.

त्यात आपली लोकल. डोंबिवलीचा माणूस ओळखीचं कुणी भेटेल म्हणून शास्त्रीनगर रुग्णालय टाळतो, ठाण्याला उतरतो नाहीतर थेट मुंबई गाठतो. त्याची नोंद तिकडे, बायको मात्र इकडे. ठाणे जिल्ह्यात आज सहा महापालिका आहेत, आणि १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाल्यावर जिल्ह्याचा छेदच बदलला. त्या तारखेच्या अलीकडचे-पलीकडचे जिल्ह्याचे आकडे एकाच रेषेवर काढलेला आलेख कुणी दाखवला, तर तिथेच थांबवा.

मला विचाराल तर रुग्णसंख्येपेक्षा एक दुर्लक्षित रकाना जास्त बोलका आहे: जोडीदाराला बोलावलं किती, आणि तो उपचाराला आला किती. पुण्याच्या निबंधाने ज्या बाईकडे बोट दाखवलं, तिच्यापर्यंत आपण पोचलो की नाही ते याच दोन आकड्यांच्या फरकात दिसतं. बाईवर उपचार झाले आणि नवरा आलाच नाही, तर तीच बाई दोन महिन्यांनी पुन्हा ‘नवी रुग्ण’ म्हणून चढू शकते. नवरा का येत नाही, हे मात्र नोंदवही सांगणार नाही. त्यासाठी समुपदेशकांशी बोलावं लागेल. आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने गोपनीयतेची जी बंधनं घातली आहेत, ती नैतिकता समितीकडे अर्ज करण्याआधी वाचावी लागतील, नंतर नाही.