गीतातील 'मी'ची मालकी : आदो यांचा 'उता नो उता'

गीतातील प्रथमपुरुष गायकाचा, गीतकाराचा की केवळ व्याकरणाचा, हा प्रश्न साहित्यसमीक्षेला नवा नाही. परंतु एकाच संकल्पनेभोवती गुंफलेल्या गीतसंग्रहाच्या, म्हणजे ज्याला 'कन्सेप्ट अल्बम' म्हणतात त्याच्या संदर्भात तो अधिक तीव्र होतो. अशा संग्रहात गायक स्वतःच्याच व्यक्तित्वाची एखादी बाजू उलगडून दाखवीत असतो, अशी रसिकांची सर्वसाधारण समजूत असते. आदो या तरुण जपानी गायिकेचा ऑगस्ट २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला 'उता नो उता : वन पीस फिल्म रेड' हा संग्रह या समजुतीलाच छेद देतो. त्यातील एकही 'मी' आदो यांचा नाही. तरीही हा 'मी' परका वाटत नाही. याचे कारण शोधणे हे या संग्रहाच्या परीक्षणाचे खरे प्रयोजन होय.

एइचिरो ओदा यांची 'वन पीस' ही चित्रकथा १९९७ पासून क्रमशः प्रसिद्ध होत आहे. तिच्यावर आधारलेला, गोरो तानिगुची यांनी दिग्दर्शित केलेला 'फिल्म रेड' हा ॲनिमेपट त्या वर्षी जपानमध्ये सर्वाधिक उत्पन्न मिळविणारा चित्रपट ठरला. त्याची नायिका उता ही जगप्रसिद्ध गायिका आहे. तिचे गाणे ऐकणारा निद्रिस्त होतो आणि त्याचे मन तिने निर्मिलेल्या स्वप्नसृष्टीत जाते. चाच्यांच्या अत्याचारांनी पिडलेल्या जगाला या सृष्टीत कायमचे ठेवून सुखी करावे, असा तिचा निश्चय आहे. अर्थात तिचे गीत हे एकाच वेळी वरदान आणि पाश आहे.

संग्रहाच्या नावातच या द्वैताची नांदी आहे. 'नो' हा जपानीतील षष्ठीचा प्रत्यय आणि 'उता' म्हणजे गीत. नावाचा अर्थ 'उताचे गीत' असा होतो, पण अक्षरशः वाचल्यास 'गीताचे गीत' असाही होऊ शकतो. विशेषनाम काताकाना लिपीत आणि सामान्यनाम चिनी चित्राक्षरात लिहून हा भेद राखला आहे. 'उताकाता लालाबाय' या चौथ्या गीताच्या नावात हाच खेळ पुढे चालू राहतो. 'उताकाता' म्हणजे पाण्यावरचा बुडबुडा. क्षणभंगुरतेचे हे प्रतीक जपानी वाङ्मयात फार जुने असून, कामो नो चोमेइ यांच्या १२१२ मधील 'होजोकी'च्या आरंभीच ते येते. काताकानात लिहिलेल्या या शब्दाची पहिली दोन अक्षरे म्हणजे नायिकेचे नाव. तिच्या नाशाची सूचना अशी शब्दाच्या पोटातच दडलेली आहे.

आता 'मी'कडे वळावयाचे. मराठीत 'गातो' आणि 'गाते' ही क्रियापदेच वक्त्याचे लिंग सांगून टाकतात. जपानी 'उताउ' या क्रियापदातून मात्र ते कळत नाही. वक्ता कोण हे 'वाताशी', 'बोकु', 'ओरे' यांसारख्या सर्वनामांच्या निवडीवरून आणि वाक्यान्तीच्या अव्ययांवरून ओळखावे लागते. सातोशी किन्सुइ यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात अशा भाषारूपांना 'याकुवारिगो', म्हणजे भूमिकाभाषा, असे नाव देऊन त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. चित्रकथा व ॲनिमे ही या भूमिकाभाषेची मोठी क्षेत्रे होत.

'वाताशी वा साइक्यो' हे दुसऱ्या गीताचे नाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. 'मी सर्वांत बलवान' एवढाच त्याचा अर्थ. परंतु नित्याच्या बोलण्यात सहज गाळता येणारे सर्वनाम येथे मुद्दाम ठेवले आहे आणि त्याला विषयदर्शक 'वा' जोडला आहे. 'मी म्हणाल तर' अशी काहीशी त्याची छटा होते. ज्याला आपल्या बळाविषयी शंका नाही त्याने 'मी'वर एवढा भार देण्याचे कारण नसते. मोतोकी ओमोरी यांच्या या रचनेतील आत्मविश्वास म्हणूनच स्वतःला दिलेल्या धीरासारखा ऐकू येतो.

चित्रपटात उताचे संवाद काओरी नाझुका यांनी म्हटले आहेत. आदो केवळ गातात. त्यामुळे संवादातील लकबी गायिकेच्या हाती नाहीत. भूमिकाभाषेने जे काम करावयाचे ते तिला स्वराच्या पोताने करावे लागते. २०२० मधील 'उस्सेवा' या पहिल्याच अधिकृत गीतात 'उरुसाइ' या विशेषणाचे रांगडे, संक्षिप्त रूप शीर्षस्थानी होते आणि आवाजही तसाच खरखरीत होता. उतासाठी मात्र तो खरखरीतपणा राखून ठेवला आहे. यासुताका नाकाता यांच्या 'शिनजिदाइ'त आवाज उजळ आहे, तर वाउंडी यांच्या 'ग्याक्को'त क्रोध प्रकट होताच घशातील घर्षण परत येते. रचनाकार बदलतात, पात्र तेच राहते; आणि ते तसे राहते ते स्वराच्या या हिशेबी वापरामुळे.

गायिकेने घेतलेले नावही येथे अर्थपूर्ण ठरते. क्योगेन या जपानी प्रहसनप्रकारात मुख्य पात्राला 'शिते' व त्याच्या समोरच्या दुय्यम पात्राला 'आदो' म्हणतात. शिवाय त्या 'उताइते' परंपरेतून आल्या. या परंपरेत दुसऱ्यांची, बहुधा यंत्रस्वरासाठी रचलेली, गाणी हौशी गायक आपल्या गळ्यातून सादर करतात. अशा सादरीकरणाला 'उतात्ते मिता' म्हणतात. मराठी वाचकास या प्रयोगाचे भाषांतर करावेच लागत नाही : 'उतात्ते' म्हणजे 'गाऊन' आणि 'मिता' म्हणजे 'पाहिले'. प्रयत्नाचा अर्थ व्यक्त करण्यासाठी दोन्ही भाषा पूर्वकालवाचक रूपाला पाहण्याचे क्रियापद जोडतात. 'गाऊन पाहणे' या वृत्तीत परकेपणाची कबुली आधीच अंतर्भूत असते. उताचा 'मी'ही आदो यांनी असाच गाऊन पाहिला आहे.

चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी सात रचनाकारांकडून करवून घेतलेल्या गाण्यांना एकसंध कृती म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, असा आक्षेप घेता येईल. त्यात तथ्य आहे. हिरोयुकी सावानो यांचे 'टोट मुझिका' चित्रपटातील आसुरी शक्तीचा प्रसंग माहीत नसणाऱ्याला केवळ भव्य वाटेल, भयावह वाटणार नाही. परंतु गीतांचा क्रम हा या आक्षेपाला पुष्कळसे उत्तर देतो. नव्या युगाची ग्वाही, बळाची घोषणा, क्रोध, बुडबुड्यांचे अंगाईगीत आणि मग विनाश, असा तो चढत जातो. त्यानंतरची युता ओरिसाका व मोतोहिरो हाता यांची दोन शांत गीते त्या आवाजाला पुन्हा माणसांत आणतात. शेवटचे 'बिंक्स नो साके' नव्याने रचलेले नाही. 'वन पीस'च्या जगात चाचे एकत्र गातात असे ते जुने सागरगीत आहे. चाच्यांचा द्वेष करणारी उता चाच्यांच्याच जहाजावर वाढली होती, हे ध्यानी घेतले म्हणजे या समाप्तीचे मोल कळते. 'मी'वर भार देत निघालेला आवाज अखेरीस कोणा एकाच्या मालकीचे नसलेले गीत गातो.

चेहरा एकाचा व गळा दुसऱ्याचा ही गोष्ट भारतीय श्रोत्याला अपरिचित नाही. १९४९ च्या 'महल' चित्रपटातील लता मंगेशकर यांच्या सुप्रसिद्ध गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून 'कामिनी' हे पात्राचेच नाव छापले होते. तेथे पात्राने गायिकेला झाकले. येथे संग्रहावर आदो हे नाव आहे, गीतांच्या नावांपुढे कंसात उताचाही निर्देश आहे. झाकलेला आहे तो केवळ गायिकेचा चेहरा, आणि तोही तिच्याच इच्छेने. तथापि ३१ डिसेंबर २०२२ रोजी एनएचकेच्या 'कोहाकु उता गास्सेन' या वर्षान्तीच्या संगीतस्पर्धेत 'शिनजिदाइ' सादर झाले ते उताच्या नावाने. राष्ट्रीय रंगमंचावरचे स्थान कल्पित व्यक्तीस मिळाले आणि जिवंत गायिका पुन्हा 'आदो'च्या जागी उभी राहिली.

यात गायिकेचा पराभव पाहणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. श्रोत्याने कल्पित पात्राला आवाजाचे स्वामित्व बहाल करावे, हे त्या आवाजाच्या सामर्थ्याचेच गमक होय. प्रथमपुरुष ही एक रिकामी जागा आहे. जो बोलतो त्याची ती तेवढ्यापुरती होते, एवढेच व्याकरण सांगते. ती जागा दुसऱ्यासाठी भरून देण्याला किती कौशल्य व किती संयम लागतो, हे 'उता नो उता' दाखवितो. संकल्पनाप्रधान संग्रहाचे ऐक्य कर्त्याच्या आत्मनिवेदनात शोधणाऱ्या समीक्षेने आपला निकष पुन्हा तपासावा, एवढा अधिकार या आठ गीतांनी निश्चित मिळविला आहे.