संगणक जाळ्यांचे सिम्युलेशन : गृहीतके आणि विश्वसनीयता

प्रस्तावना :
संगणक जाळ्यांच्या संशोधनात सिम्युलेशनला महत्त्वाचे स्थान आहे. शंभर फिरत्या वायरलेस नोडांचे जाळे प्रत्यक्ष उभारणे खर्चिक असते आणि तोच प्रयोग त्याच परिस्थितीत पुन्हा करणे जवळजवळ अशक्य असते. सिम्युलेटरमुळे हे एका संगणकावर साधते. १९८९ मध्ये ‘रिअल’ या सिम्युलेटरपासून सुरू झालेली परंपरा पुढे ‘एनएस-२’ आणि २००८ पासून ‘एनएस-३’ या मुक्त प्रणालींच्या रूपाने विद्यापीठांत रुजली. तथापि, साधन सुलभ झाले म्हणून निष्कर्ष विश्वसनीय ठरतोच असे नाही.

विवेचन :
सिम्युलेटर प्रत्यक्ष जाळ्याचे मोजमाप करीत नाही. तो गृहीतकांचे परिणाम दाखवितो. ‘रँडम वेपॉइंट’ हे प्रतिमान या दृष्टीने बोलके आहे. यात प्रत्येक नोड यादृच्छिक ठिकाण व वेग निवडून तेथे जातो. किमान वेग शून्य ठेवल्यास अत्यल्प वेग निवडलेले नोड दीर्घकाळ वाटेतच रेंगाळतात आणि सरासरी वेग सतत घटत जातो. यून, लिऊ आणि नोबल यांनी २००३ मध्ये हा दोष दाखवून दिला. अशा वेळी प्रोटोकॉलची कामगिरी सुधारलेली दिसली, तरी ते श्रेय प्रोटोकॉलचे नसून मंदावलेल्या नोडांचे असू शकते. आलेख मात्र हे सांगत नाही.

कुर्कोव्स्की, कॅम्प आणि कोलाग्रोसो यांनी २००५ मध्ये ‘मोबीहॉक’ परिषदेतील २००० ते २००५ या काळातील १५१ शोधनिबंध तपासले. त्यांपैकी ११४ निबंध सिम्युलेशनवर आधारित होते. परंतु पुन्हा करून पाहता येतील असे १५ टक्क्यांहूनही कमी होते. नामांकित परिषदेची ही स्थिती असेल, तर दोष केवळ नवशिक्या संशोधकांचा मानता येत नाही. समीक्षकांनी आलेख पाहिले, परंतु त्यामागील मांडणी मागितली नाही, हेही तितकेच खरे.

निष्कर्ष :
सिम्युलेशन त्याज्य नाही. मात्र त्याचा पुरावा सशर्त असतो. सिम्युलेटरची आवृत्ती, सर्व प्राचले, वगळलेला आरंभकाळ, आवर्तनांची संख्या आणि विश्वास-अंतराल यांची नोंद प्रत्येक निबंधात व पदव्युत्तर प्रकल्पात अनिवार्य असावी. गृहीतके लपविणारा आलेख कितीही सुबक असला, तरी तो पुरावा ठरत नाही. आणि मार्गदर्शकाने तो तसा स्वीकारू नये.