स्थानिक वारसासंवर्धन आणि पुराव्याची शिस्त : एक चिकित्सा

सारांश

महाराष्ट्रातील ऐतिहासिक वास्तू व पुरातत्त्वीय स्थळे यांच्या जतनासाठी स्थानिक पातळीवर झालेल्या प्रयत्नांचे मूल्यमापन प्रस्तुत लेखात केले आहे. गिरिदुर्गांवरील श्रमदान, तेर येथील पुराणवस्तूंचा संग्रह आणि कोकणातील कातळशिल्पांचा शोध ही तीन उदाहरणे त्यासाठी घेतली आहेत. स्थानिक प्रयत्नांमुळे अवशेष वाचतात, परंतु नोंदीची शिस्त नसल्यास त्या अवशेषांची साक्ष नष्ट होते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : वारसासंवर्धन, लोकसहभाग, गिरिदुर्ग, तेर, कातळशिल्प, पुरातत्त्वीय संदर्भ, नोंद

१. प्रस्तावना

वारसासंवर्धनाच्या चर्चेत शासन आणि समाज असे दोन पक्ष मांडण्याची प्रथा रूढ झाली आहे. शासन उदासीन असून समाजच खरा राखणदार आहे, असे एका बाजूने म्हटले जाते. समाज अजाण असल्याने हे काम तज्ज्ञांवरच सोपवावे, असे दुसऱ्या बाजूने सांगितले जाते. ही दोन्ही मते वारसा कोणी सांभाळावा या प्रश्नाभोवती फिरतात. सांभाळताना नेमके काय सांभाळले जाते, हा त्याहून मूलभूत प्रश्न मात्र दुर्लक्षित राहतो. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४९ नुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण हे राज्याचे दायित्व आहे, तर १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ५१ क मध्ये संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे जतन हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. दोघांची जबाबदारी संविधानानेच मान्य केली असल्याने अधिकाराच्या वादापेक्षा कार्यपद्धतीची चिकित्सा अधिक उपयुक्त ठरते. प्रकाशित साधने व कायद्यांतील तरतुदी यांच्या आधारे, वर्णनात्मक आणि विश्लेषणात्मक पद्धतीने ही चिकित्सा येथे केली आहे.

२. स्मरणमूल्य आणि साक्षमूल्य

महाराष्ट्रातील आधुनिक संवर्धनविचाराचा उगम स्मारकभावनेत आहे. जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने १८८३ मध्ये रायगडावरील शिवसमाधीच्या दुरवस्थेकडे लक्ष वेधले. पुढे १८९५ मध्ये लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून समाधीच्या जीर्णोद्धाराचा प्रश्न हाती घेतला आणि १८९६ मध्ये रायगडावर शिवोत्सव साजरा झाला. ही चळवळ लोकवर्गणीवर व लोकभावनेवर उभी होती. वास्तूचा जीर्णोद्धार म्हणजे पूर्वजांच्या स्मृतीचे ऋण फेडणे ही धारणा तेव्हापासून मराठी मनात दृढ आहे.

ऑस्ट्रियन कलेतिहासकार आलोइस रीगल याने १९०३ मध्ये स्मारकांच्या मूल्यांचे जे वर्गीकरण केले, ते येथे मार्गदर्शक ठरते. हेतुपुरस्सर स्मरणमूल्य जपायचे असेल तर स्मारक सतत नवे, अभंग ठेवावे लागते. ऐतिहासिक मूल्य जपायचे असेल तर ते जसे हाती आले तसेच, पुढील अभ्यासासाठी शक्य तितके अबाधित ठेवावे लागते. यांपैकी दुसऱ्या मूल्याला प्रस्तुत लेखात 'साक्षमूल्य' असे म्हटले आहे. ही दोन मूल्ये परस्परविरोधी मागण्या करतात. स्थानिक प्रयत्नांतील बहुतेक गुणदोषांचे मूळ या विरोधात आहे.

३. गिरिदुर्ग : श्रमदानाचे यश आणि त्याची किंमत

१८१८ मध्ये मराठी सत्तेचा पाडाव झाल्यावर इंग्रजांनी अनेक किल्ल्यांच्या पायऱ्या, दरवाजे व तट सुरुंग लावून उद्ध्वस्त केले. त्यानंतर शतकाहून अधिक काळ बहुसंख्य गड ओस पडले होते. गेल्या काही दशकांत गिर्यारोहक व तरुण मंडळे यांनी हे चित्र पुष्कळ पालटले. झाडीत हरवलेल्या वाटा मोकळ्या झाल्या, बुजलेल्या टाक्यांना पुन्हा पाणी लागले, दरीत पडलेल्या तोफा गडावर आल्या. ११ जुलै २०२५ रोजी 'भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातील व एक, जिंजी, तमिळनाडूतील आहे. महाराष्ट्रातील अकरांपैकी साल्हेर, राजगड, खांदेरी व प्रतापगड हे राज्य शासनाच्या, तर उर्वरित केंद्राच्या संरक्षणाखाली आहेत. या यशामागे शासकीय प्रस्तावाइतकीच गडांविषयीची जनजागृती आहे, आणि ती स्वयंसेवी मंडळांनी निर्माण केली, हे निर्विवाद आहे.

तथापि या कार्याची दुसरी बाजू तपासणे आवश्यक आहे. टाक्यातील गाळ हा श्रमदान करणाऱ्याच्या दृष्टीने अडथळा असतो. पुरातत्त्वाच्या दृष्टीने तो काळाचे थर सांभाळणारा कोश असतो. खापरे, नाणी, लाकडाचे तुकडे, बंदुकीच्या गोळ्या, धान्याचे जळके दाणे अशा वस्तू गाळात ज्या क्रमाने सापडतात, त्यावरून गडावरील वस्तीचा काळ व जीवनमान कळते. तो गाळ घमेल्यांनी उपसून कड्यावरून खाली टाकला की टाके स्वच्छ होते, परंतु त्या गडावरील शिबंदी काय खात होती, कोणती भांडी वापरत होती, या प्रश्नांचे उत्तर कायमचे हरवते. वाड्यांच्या जोत्यांवरील माती हटवताना आणि ढासळलेल्या तटाचे दगड रचून ठेवतानाही हेच घडते. पडलेला दगड कोठे व कसा पडला आहे, यातही तट सुरुंगाने पडला की पावसाने, याची साक्ष असते.

बांधकामाच्या साहित्याबाबतही असेच म्हणता येईल. घाण्यात मळलेल्या चुन्याच्या दर्जेत ओलावा आत-बाहेर होऊ शकतो. सिमेंटचा थर घट्ट असल्याने भिंतीत मुरलेले पाणी अडते, क्षार साचतात आणि शेजारचा जुना चुना व दगड भुसभुशीत होतो. म्हणजे दुरुस्ती टिकते, पण जिच्यासाठी ती केली ती भिंत खचते. हा दोष केवळ मंडळांचा नाही. सार्वजनिक निधीतून झालेल्या कित्येक कामांतही सिमेंटचा सढळ वापर झाला आहे.

गडांना नवे लाकडी दरवाजे बसवण्याचा उपक्रम अलीकडे लोकप्रिय झाला आहे. मूळ दरवाजाचे चित्र वा मोजमाप उपलब्ध नसताना बसवलेला दरवाजा हा अनुमानाचा दरवाजा असतो. १९६४ च्या व्हेनिस सनदेनुसार अनुमान सुरू होते तेथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे, आणि नवा भाग जुन्यापासून वेगळा ओळखता आला पाहिजे. अशा दरवाजावर बसवल्याचे वर्ष व आधार स्पष्ट लिहिला, तर त्याचे स्मरणमूल्य मान्य करता येईल. तसे न केल्यास दोन पिढ्यांनंतर तो शिवकालीन म्हणून दाखवला जाईल, ही भीती अनाठायी नाही.

४. तेर व दायमाबाद : वस्तू वाचली, संदर्भ हरवला

नोंदीचा हा प्रश्न गडांपुरता मर्यादित नाही. धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर म्हणजे ग्रीक-रोमन लेखकांनी उल्लेखिलेले 'तगर' ही व्यापारी नगरी होय. गावाच्या पांढरीच्या टेकाडांतून पावसाळ्यानंतर मणी, मृण्मूर्ती, शंखाच्या बांगड्या वर येत. ग्रामस्थांना त्यांचे मोल नव्हते. तेरचे रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी या वस्तू जिद्दीने गोळा केल्या आणि त्यांच्या संग्रहातूनच आज त्यांच्या नावे असलेले शासकीय संग्रहालय आकारास आले. इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या प्रसिद्ध हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी जिची तुलना केली जाते, ती तेरची हस्तिदंती मूर्ती याच संग्रहातील आहे. लामतुरे नसते तर सातवाहनकालीन दख्खनच्या भौतिक संस्कृतीचा फार मोठा ऐवज पांढरीच्या मातीबरोबर शेतात गेला असता.

परंतु पृष्ठभागावरून वेचलेली वस्तू कोणत्या टेकाडातील, किती खोलीवरील, कोणत्या वस्तूंच्या सोबतीची, हे सहसा सांगता येत नाही. तेर येथे १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी उत्खनन केले आणि पुढेही उत्खनने झाली. त्यांत थरांतून मिळालेल्या मोजक्या वस्तूंनी कालक्रम निश्चित होण्यास जी मदत झाली, ती संग्रहातील हजारो सुंदर वस्तूंनी एकट्याने झाली नसती. सुंदर वस्तूंचे शैलीवरून वर्णन होते. त्यांची कालनिश्चिती मात्र तुलनेवर अवलंबून राहते.

प्रवरेच्या काठावरील दायमाबादचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथे १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्यास झुडपाची मुळे खणताना रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशी चार ब्राँझशिल्पे सापडली. त्यांचे एकत्रित वजन साठ किलोग्रॅमहून अधिक आहे. ती वितळवली गेली नाहीत, हे भाग्यच. मात्र ती उत्खननाच्या थरांतून न मिळाल्यामुळे त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद झाले. काहींनी ती उत्तर हडप्पा काळातील मानली, तर काहींनी धातूच्या रासायनिक घटनेवरून त्याविषयी शंका घेतली. शेतकऱ्यास यात दोष देता येत नाही. सापडलेल्या जागी हात न लावता कोणाला व कसे कळवावे, हे त्यास कोणी शिकवले नव्हते.

५. कातळशिल्पे : नोंदीतून उभे राहिलेले संवर्धन

रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील जांभ्या दगडाच्या सड्यांवर कोरलेली कातळशिल्पे हे वरील दोन्ही उदाहरणांहून वेगळ्या कार्यपद्धतीचे उदाहरण आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे व सुरेंद्र ठाकूरदेसाई या रत्नागिरीच्या अभ्यासकांनी गावोगाव हिंडून, गुराख्यांना व वृद्धांना विचारून या चित्रांचा शोध घेतला. सापडलेल्या आकृतींची मापे घेणे, स्थाननिश्चिती करणे, छायाचित्रे काढणे, जमीनमालकाशी बोलणे आणि मग पुरातत्त्व विभागास कळवणे, हा क्रम त्यांनी पाळला. कशेळी येथील हत्तीची आकृती सुमारे १८ मीटर लांब व १३ मीटर रुंद असून तिच्या पोटात अनेक लहान प्राणी कोरलेले आहेत. उक्षी येथे ग्रामस्थांच्या सहभागातून चित्राभोवती संरक्षक कठडा उभा राहिला. २०२२ मध्ये महाराष्ट्रातील आठ व गोव्यातील एक अशा नऊ स्थळांचा युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला.

नोंदीचे व्यावहारिक बळ बारसूच्या प्रकरणात दिसून आले. राजापूर तालुक्यातील या परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्प प्रस्तावित झाला आणि एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणास स्थानिकांचा तीव्र विरोध झाला. त्या वादात कातळशिल्पांचा मुद्दा टाळता आला नाही, कारण ती मोजलेली, नकाशावर दाखवलेली व यादीत आलेली होती. ज्या सड्यावरील चित्रांची अशी नोंद नव्हती, तेथे चिरेखाण सुरू झाली तर हरकत घेण्यासाठी कागदाचा तुकडाही हाती नसतो.

या प्रयत्नांतही एक उणीव आहे. चित्राभोवती गडगा घातला की आकृती सुरक्षित होते. परंतु सड्यावरील पाणवठे, दगडी हत्यारांचे तुकडे, शेजारच्या पुसट आकृती गडग्याबाहेर राहतात. उघड्या कातळावर मातीचे थर नसल्याने कातळशिल्पांची कालनिश्चिती मुळातच अवघड आहे. अशा वेळी परिसर हाच मुख्य पुरावा असतो. चित्र राखून सडा गमावणे हे तेरच्या अनुभवाची पुनरावृत्ती ठरेल.

६. कायद्याने निर्माण केलेले अंतर

स्थानिकांनी नोंद करावी, अशी अपेक्षा करताना कायद्याचा परिणामही लक्षात घ्यावा लागतो. १९५८ च्या केंद्रीय अधिनियमात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित क्षेत्रापासून १०० मीटरपर्यंतचा भाग प्रतिबंधित, तर त्यापुढील २०० मीटरचा भाग विनियमित ठरतो. स्मारकांभोवतीचे अतिक्रमण रोखण्यासाठी ही तरतूद आवश्यक होती. पण स्मारकालगत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबास घराची दुरुस्तीही परवानगीशिवाय करता येत नाही. परिणामी स्मारक घोषित होणे म्हणजे संकट येणे, असा ग्रह होतो. भूमिगत निधीविषयीचा १८७८ चा कायदा दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवण्याचे बंधन घालतो. शिक्षेच्या भीतीने माणूस कळवण्याऐवजी लपवतो, आणि लपवलेल्या वस्तूबरोबर तिचा संदर्भही नाहीसा होतो.

दुसरीकडे, केंद्र व राज्य यांच्या संरक्षित यादीत नसलेल्या असंख्य गढ्या, बारव, वीरगळ व मंदिरांना कोणताच कायदा जवळचा नाही. तेथे गावकरी श्रद्धेने जीर्णोद्धार करतात. वीरगळ सिमेंटच्या ओट्यात बसवले जातात, शिलालेखावर तैलरंग चढतो. जेथे लोक सर्वाधिक काम करतात तेथे मार्गदर्शन नाही, आणि जेथे मार्गदर्शन आहे तेथे लोकांना प्रवेश नाही, अशी ही विसंगती आहे.

७. कागदाची शिस्त दगडाला

नोंदीची शिस्त परकीय सनदांतून आयात करावी लागेल, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकत नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. राजवाडे व त्यांच्या परंपरेतील अनेक संशोधक विद्यापीठीय पदांवर नव्हते. तरीही कागद कोणत्या घराण्याच्या दप्तरातला, अस्सल की नक्कल, तारीख कोणती, फाटलेला भाग किती, याची नोंद केल्याशिवाय तो छापू नये, हा दंडक त्यांनी घालून दिला. फाटलेल्या जागी स्वतःचे शब्द भरणारा संपादक या परंपरेत अविश्वसनीय ठरला.

हौशी अभ्यासकांनी कागदाला लावलेली ही कसोटी दगडाला व मातीला मात्र लावली गेली नाही. पडलेल्या तटात अनुमानाने भर घालणे आणि फाटलेल्या पत्रात शब्द भरणे यांत तत्त्वतः फरक नाही. पत्राची निदान नक्कल राहू शकते. उपसलेल्या थराची नक्कल नसते.

८. निष्कर्ष

१) स्थानिक प्रयत्नांचे मोल निर्विवाद आहे, परंतु ते किती वास्तू उजळल्या यावर न मोजता किती पुरावा अबाधित राहिला व नोंदला गेला यावर मोजले पाहिजे.

२) कामापूर्वीची, कामादरम्यानची व कामानंतरची छायाचित्रे, मोजमापे आणि वापरलेले साहित्य यांचा अहवाल प्रत्येक उपक्रमात अनिवार्य मानावा. टाक्यातील गाळ पुरातत्त्व विभागाच्या परवानगीने व तज्ज्ञांच्या देखरेखीखाली थरांनुसार काढून चाळावा.

३) जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार स्थानिक संस्थांच्या पातळीवर लोकजैवविविधता नोंदवही तयार होते. त्याच धर्तीवर ग्रामपंचायतीत वारसा नोंदवही असावी आणि असंरक्षित अवशेषांची नोंद तिच्यात व्हावी.

४) राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे गडांवर श्रमदान करतात. त्यांत इतिहास व भूगोल विभागांनी नोंदीचे प्रशिक्षण दिल्यास महाविद्यालये समाज आणि पुरातत्त्व विभाग यांच्यातील दुवा ठरू शकतील.

५) सापडलेली वस्तू वेळेत कळवणाऱ्यास संशयित न मानता सहकारी मानणारी तरतूद कायद्यात आवश्यक आहे.

पडझड झालेला बुरूज पुन्हा बांधता येतो, दरवाजाही नवा घडवता येतो. मातीच्या थराला ती सोय नाही. म्हणून फावडे उचलण्यापूर्वी वही उघडणे हीच स्थानिक संवर्धनाची पहिली पायरी होय.