‘मुळशी पॅटर्न’ : स्वभूमीत परागंदा झालेल्या तरुणाची शोकांतिका

प्रास्ताविक

महानगराच्या वेशीवर राहणाऱ्या उपेक्षित तरुणांचे चित्रण हा जागतिक चित्रपटाचा एक महत्त्वाचा आशय आहे. मात्यू कासोव्हित्झ यांच्या ‘ला हेन’ (१९९५) या फ्रेंच चित्रपटातील तीन तरुण पॅरिसच्या उपनगरात, स्थलांतरितांच्या वसाहतीत वाढलेले आहेत. प्रवीण तरडे लिखित व दिग्दर्शित ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) याच आशयसूत्राशी नाते सांगतो. मात्र येथील राहुल परक्या देशातून आलेला नाही. शहरच त्याच्या शिवारात येऊन ठेपले आहे. विस्थापनाचे हे वेगळे रूप चित्रपटाने कितपत समर्थपणे उभे केले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आशय व अभिव्यक्ती

चित्रपटाचे सर्वांत मोठे बलस्थान म्हणजे मोहन जोशी यांनी साकारलेला सखा पाटील. ज्या जमिनीचा तो धनी होता, तिच्यावरच तो पहारेकरी म्हणून उभा राहतो. जमीन जाते तेव्हा उत्पन्नाबरोबर नाव, मान आणि गावातील स्थानही जाते, हे या एका प्रतिमेतून प्रत्ययास येते. पुण्याच्या मार्केट यार्डात हमाली करणारा राहुल (ओम भूतकर) गुन्हेगारीकडे वळतो, तो केवळ पैशासाठी नव्हे. बापाने गमावलेला दरारा त्याला परत हवा असतो. मुळशीची बोली या व्यक्तिरेखांना विश्वसनीयता देते.

मर्यादा

‘पॅटर्न’ हा शब्द पुन्हा पुन्हा घडणाऱ्या रचनेकडे निर्देश करतो. कथानक मात्र बापाने जमीन विकली या चुकीभोवती फिरते. मुळशी धरणाकाठच्या माले परिसरातून पाहता ही मांडणी अपुरी वाटते. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी येथील जमिनी सरकारने संपादित केल्या. त्याविरुद्ध १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह झाला आणि सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. पुढे याच तालुक्यातील हिंजवडीत माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले. म्हणजे जमीन जाण्याचा इतिहास विक्रीखतापुरता नाही. त्यात कायदा, शासन आणि भांडवल यांचाही वाटा आहे. शिवाय मुळात सातबाराच नसलेला भूमिहीन व कातकरी तरुण या कथेच्या परिघाबाहेर राहतो. ‘जमीन विकू नका’ हा उपदेश त्याला काय सांगणार?

‘अंतिम’ (२०२१) या हिंदी रूपांतरात शीर्षकातून मुळशी गळाली आणि पोलीस अधिकाऱ्याची भूमिका विस्तारली. मूळ चित्रपटातही गुन्हेगारीचे नाट्य जमिनीच्या प्रश्नावर मात करू पाहत होते, हे यावरून लक्षात येते.

समारोप

विस्थापिताचा अपमान ‘मुळशी पॅटर्न’ने मराठी पडद्यावर ठसठशीतपणे आणला, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु दोष व्यक्तीच्या पदरी टाकल्याने व्यवस्था सुटते. आपल्या वर्गांतही अशा घरांतील मुले बसतात. त्यांच्यासमोर हा चित्रपट बोधकथा म्हणून न ठेवता, सत्याग्रहाच्या इतिहासासह चर्चेस घेणे अधिक उचित ठरेल.