'अपूर्वाई' आणि आमची वाट

लेकाकडे लंडनला निघालो, तेव्हा लातुरातल्या जाणकारांनी एकच सल्ला दिला : पु. ल. देशपांड्यांचं 'अपूर्वाई' वाचा. 'पुस्तक कशाला न्यायलाव? धपाटे न्या की!' हे सौभाग्यवतीचं मत. ती स्वतः लेकीच्या बाळंतपणासाठी नांदेडला.

वाटाड्या म्हणून हे 1960 चं पुस्तक अगदीच कुचकामी. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावीकडून घाईवाले जाणार, हे मला मागून आलेल्या तीन 'सॉरीं'नी शिकवलं. सर्कल लाइन 2009 पासून पुरती गोल फिरत नाही, हे बिचाऱ्या पु.लं.ना कुठून कळणार? फेरी पुरी होईल म्हणून बसून राहिलो, तो एजवेअर रोडला गाडी रिकामी!

पण माझी खरी तक्रार निराळीच. पु.लं.च्या शेजारी सुनीताबाई होत्या. फजिती झाली की सांगायला माणूस हजर. म्हणून तर तिचा विनोद होतो. एकट्याने काय करावं, यावर पुस्तक गप्प.

स्टेशनाबाहेर येऊन नांदेडला फोन लावला. तिकडे रात्रीचे दहा वाजून गेलेले. सर्कल लाइनची हकिगत ऐकून ती पोटभर हसली. मग म्हणाली, 'ते राहू द्या. जेवलाव का?'