औषधशोधाची वैज्ञानिक पद्धती : सर्पगंधा आणि प्राझोसिन यांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

औषधी वनस्पती हा आपल्याकडील महाविद्यालयीन संशोधनाचा एक आवडता विषय होय. वनस्पतीचे स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, कुळ, उपयोगी भाग आणि शेवटी 'अमुक रोगावर गुणकारी' असा शेरा. अशा तक्त्यांत हे संशोधन बहुधा पूर्ण होते. परंपरागत ज्ञानाची नोंद म्हणून त्याचे मोल आहेच. परंतु त्याला औषधाचा शोध म्हणता येईल काय? महाराष्ट्रात घडलेल्या दोन शोधांच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे. अनुभवाचे रूपांतर औषधात होते ते मोजमाप आणि तुलना यांमुळे, आणि नेमकी हीच पायरी आपल्याकडे गाळली जाते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

सर्पगंधा : मोघम दाव्याकडून नेमक्या प्रश्नाकडे

सर्पगंधेचे मूळ सर्पदंश, अनिद्रा, उन्माद अशा अनेक व्याधींवर परंपरेने वापरले जात असे. १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि उच्च रक्तदाब यांवरील तिच्या परिणामाची नोंद केली. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील निरीक्षणे १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केली आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत तिच्या मुळातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले.

वकिलांनी वनस्पती शोधली नव्हती. ती सर्वांना ठाऊकच होती. 'अनेक रोगांवर गुणकारी' हा मोघम दावा त्यांनी एका रोगापुरता सीमित केला आणि त्याचे उत्तर रक्तदाबाच्या आकड्यांत मागितले. जो दावा मोजता येतो तोच खोटाही ठरू शकतो, आणि जो खोटा ठरू शकतो तोच विज्ञानाच्या कक्षेत येतो. सर्पदंशावरील तिची ख्याती मात्र या कसोटीला उतरली नाही. तेथे आजही प्रतिविषच द्यावे लागते. वैद्यकीय निरीक्षण मुंबईत आणि रेणूचा शोध परदेशात, ही या कथेतील खंत राहतेच.

प्राझोसिन : रोगाच्या यंत्रणेतून उपचार

डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचे कार्य याहून वेगळ्या वाटेचे आहे. १९७६ साली ते रायगड जिल्ह्यात महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि मुले दगावत होती. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांचा क्रम टिपला: दरदरून घाम, उलट्या, थंडगार हातपाय, वाढलेला रक्तदाब आणि अखेरीस फुप्फुसांत साचणारे पाणी. या विषामुळे शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावर असह्य ताण येतो. ही यंत्रणा ध्यानी आल्यावर प्रश्न बदलला. 'विंचवावर औषध कोणते?' याऐवजी 'आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल कशाने होतील?' असे विचारता आले. त्याचे उत्तर बाजारात होते. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिनची स्वस्त गोळी नेमके हेच कार्य करते. यासंबंधीचा त्यांचा निबंध १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. पूर्वी गंभीर रुग्णांत सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आल्याचे त्यांच्या नोंदी सांगतात.

पुराव्याची चिकित्सा

आदर व्यक्त करून येथेच थांबणे चिकित्सक वृत्तीस शोभणारे नाही. ही तुलना दोन कालखंडांतील आहे. दरम्यान रस्ते सुधारले, रुग्ण लवकर पोहोचू लागले, वैद्यकीय शुश्रूषाही सुधारली. त्यामुळे सर्व श्रेय एका गोळीला देता येत नाही. याउलट, रुग्ण डोळ्यांदेखत मरत असताना निम्म्यांना औषध नाकारणे नैतिकदृष्ट्या शक्य नव्हते, हेही तितकेच खरे.

या पेचाला मिळालेले उत्तर बोधप्रद आहे. विंचवाचे प्रतिविष उपलब्ध झाल्यावर बावस्करांनी महाड येथे ७० रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी केली. प्राझोसिन दोन्ही गटांना दिले, प्रतिविष एकाच गटाला. २०११ साली 'बीएमजे'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दहा तासांत प्रतिविषासह उपचार झालेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण पूर्ण बरे झाले. केवळ प्राझोसिन घेतलेल्या ३५ पैकी ८. कोणास काय दिले हे डॉक्टरांना ठाऊक असल्याने पूर्वग्रहाची शक्यता उरते, ही या चाचणीची मर्यादा होय. तथापि ज्या गोळीने नाव मिळवून दिले ती एकटी पुरेशी नाही, हे संशोधकाने स्वतःच सिद्ध करून दाखवावे, यातच वैज्ञानिक पद्धतीचे सत्त्व आहे.

निष्कर्ष

दिग्रससारख्या तालुक्याच्या ठिकाणी रेणू वेगळा करण्याची यंत्रसामग्री नसेल. पण बिरवाडीतही ती नव्हती. तेथे होत्या त्या काटेकोर नोंदी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. कोणते मिश्रण, किती वेळ फवारणी, पहिले लक्षण कोणते, उपचार किती तासांनी, हे प्रश्न आपल्या परिसराचे आहेत. त्यांची शिस्तबद्ध नोंद येथेच होऊ शकते. वनस्पतींच्या अभ्यासातही मात्रा, कालावधी, तुलनेचा गट आणि गुण न आलेल्या रुग्णांची संख्या आवर्जून नोंदविली पाहिजे. अर्थात माणसांवरील कोणताही प्रयोग नैतिक समितीच्या संमतीविना करता कामा नये. गुण आला त्यांचीच यादी करणे म्हणजे जाहिरात होय. ज्यांना गुण आला नाही त्यांचीही मोजणी झाली, तरच ते संशोधन ठरते.